वडिलांची वेब्ली: निकेल चढवू, विकू की ठेवू?

वाचकाचं पत्र

काका, सप्रेम नमस्कार. मी गिरगावात राहतो, वय ४६. वडिलांची झवेरी बाजारात लहानशी पेढी होती. दागिन्यांची आणि रोकडीची ने-आण असायची म्हणून त्यांच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. वेब्ली अँड स्कॉट, .३२ बोअर (म्हणजे नळीचं भोक सुमारे .३२ इंचाचं). पेढी केव्हाच बंद झाली आणि गणपतीच्या आधी वडीलही गेले. रिव्हॉल्व्हर आणि डबाभर काडतुसं अजून गोदरेजच्या कपाटात आहेत. परवान्याची मुदत पुढच्या वर्षापर्यंत आहे. धाकटा भाऊ म्हणतो, विकून टाकू. बायको म्हणते, घरात चौदा वर्षांचा मुलगा आहे, आधी ते बाहेर काढा. मला मात्र लहानपणापासून त्या वस्तूची ओढ आहे. हल्ली रात्री जागून रिव्हॉल्व्हरांबद्दल वाचतो. संग्राहकांचं सगळ्यात लाडकं कोणतं, याला प्रत्येकाचं उत्तर वेगळं. आमच्या वेब्लीच्या नळीवर गंजाचे ठिपके आहेत. ओळखीतला एक कारागीर निकेल चढवून, मूठ बदलून नव्यासारखं करून देतो म्हणतो. देऊ का? की हे विकून नवं देशी ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हर घेऊ? परदेशातून एखादी कोल्ट पायथन आणता येते का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर

नमस्कार. वडील गेल्याचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या सगळ्या प्रश्नांकडे येतो, पण एक गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही आणि ती आज करायची आहे.

वडील गेले त्या दिवशी त्यांचा परवाना संपला. कागदावर मुदत पुढच्या वर्षाची असली तरी परवाना माणसाच्या नावाने असतो, कपाटाच्या नाही. म्हणजे आज तुमच्या घरात एक विनापरवाना रिव्हॉल्व्हर आणि विनापरवाना काडतुसं आहेत. वडिलांनी आयुष्यभर काटेकोरपणे नूतनीकरण केलं असेल, त्याचा तुम्हाला या बाबतीत काही उपयोग नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा साध्या विनापरवाना बाळगण्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. घाबरवायला हे लिहीत नाही. हजारो घरांत वडिलांच्या मागे असंच होतं. दुःखाचे दिवस असतात, कपाट कुणी उघडत नाही, आणि मग ‘आता इतके दिवस झाले, कसं सांगायचं’ या संकोचात वर्षं निघून जातात. तुमचे काही महिनेच गेले आहेत. अजून काही बिघडलेलं नाही.

शस्त्र कायदा १९५९च्या कलम २१ मध्ये नेमकी हीच सोय आहे. ताबा कायदेशीर राहिला नाही की शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. जमा केलं म्हणजे गेलं असं नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाने स्वतःचा परवाना मिळवला तर ते परत मिळतं, नाहीतर परवानाधारक माणसाला विकता येतं. तेव्हा आधी तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात फोन करा, किंवा हत्यार न घेता जाऊन ड्युटीवरच्या अधिकाऱ्याला सगळं सांगा. मूळ परवाना, मृत्यूचा दाखला, तुमचं ओळखपत्र आणि एक साधा अर्ज सोबत न्या. हत्यार कसं आणायचं ते त्यांनाच विचारा आणि तसंच करा. न विचारता पिशवीत घालून चर्नी रोडच्या गर्दीतून निघू नका. ते भरलेलं आहे का, हे पाहण्याच्या भानगडीतही पडू नका. वडिलांनी ते कधी हाताळायला शिकवलं असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर नळीचं तोंड माणसांकडे नाही आणि बोट चापावर नाही एवढं पाळून ते आहे तिथेच कुलपात राहू द्या आणि जाणकाराच्या हातून उघडा. काडतुसंही मोजून जमा करा, एकही मागे ठेवू नका. आठवण म्हणून एक काडतूस देव्हाऱ्याच्या खणात ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या एका काडतुसावरही गुन्हा दाखल होतो. जमा केल्याची पावती मात्र मागून घ्या. तिच्यावर मेक, बोअर, क्रमांक आणि काडतुसांची संख्या नीट लिहिली आहे का ते तिथेच वाचून पाहा.

तुमच्या पत्नी म्हणतात ते बरोबर आहे, आणि त्या म्हणतात म्हणून नव्हे, तर मुलगा चौदा वर्षांचा आहे म्हणून. अमेरिकेत, जिथे घरोघरी बंदुका आहेत, तिथल्या अभ्यासांत वर्षानुवर्षं एकच गोष्ट दिसत आली आहे: घरात बंदूक असली की त्या घरात आत्महत्येचा आणि घरातल्याच माणसाच्या हातून होणाऱ्या मृत्यूचा धोका वाढतो. या वयातल्या मुलाला कपाटाची किल्ली कुठे असते हे आईबापांआधी माहीत असतं. तेव्हा या विषयावर पत्नीशी वाद घालू नका. त्यांची भीती रास्त आहे हे त्यांना सांगा आणि आज जमा करून ती दूर करा. पुढचं सगळं त्यानंतर, शांतपणे.

आता तुमच्या आवडीकडे येतो. तीही खरी आहे, आणि ती मनात दाबून टाकावी असं मला अजिबात वाटत नाही.

संग्राहकांचं लाडकं रिव्हॉल्व्हर कोणतं, याला प्रत्येक जण वेगळं नाव घेतो, कारण प्रत्येक जण वेगळ्या गोष्टीवर प्रेम करत असतो. एकाला इतिहास हवा असतो, एकाला कारागिरी, एकाला निशाणा. अमेरिकेत इतिहासवाल्यांच्या यादीत १८७३चं कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी हमखास वर असतं. या घराण्याच्या मुळाशी आपल्याकडे येणारा एक प्रवास आहे. सॅम्युएल कोल्ट सोळा वर्षांचा असताना १८३० साली ‘कोर्वो’ नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून कलकत्त्याच्या सफरीवर निघाला होता, आणि फिरत्या सिलिंडरचा (गोळ्या बसतात त्या गोल भागाचा) लाकडी नमुना त्याने त्या जहाजावर कोरला असं सांगतात. १८३६ मध्ये त्याला अमेरिकेतलं पेटंट मिळालं. पण त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दारू आणि गोळी समोरून ठासावी लागे. सिलिंडरला आरपार भोक पाडून मागून काडतूस भरायची कल्पना रोलिन व्हाइटची. स्मिथ अँड वेसनने प्रत्येक नगामागे पंचवीस सेंट देण्याच्या कराराने ती घेतली आणि १८५७ साली आपलं पहिलं मॉडेल काढलं. १८६९ मध्ये ते पेटंट संपेपर्यंत कोल्टसारख्या कंपनीलाही थांबावं लागलं. १८७३च्या त्या कोल्टकडे पाहताना हा सगळा हिशोब डोक्यात असला की ते नुसतं सिनेमातल्या काउबॉयचं हत्यार राहत नाही.

कारागिरीवाल्यांसाठी तुम्ही म्हणता ती पायथन. १९५५ साली निघाली, .३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाची, नळीवर छिद्रांची पट्टी, आणि आरशासारखं पॉलिश करून वर दिलेला गर्द निळा रंग. तिचा चाप कारागीर हाताने घासून जुळवत, त्यामुळे तो लोण्यासारखा ओढला जातो. हेच तिचं वैभव आणि हीच तिची अडचण, कारण तसे हात महाग होत गेले. २००५ मध्ये जुनी पायथन बंद झाली. २०२०मध्ये कोल्टने नवी आणली, ती यंत्रावर घडते. स्मिथ अँड वेसनची माणसं १९०८च्या ‘ट्रिपल लॉक’चं नाव घेतील. सिलिंडर तीन ठिकाणी अडकवणारी तशी रचना त्या कंपनीने मोठ्या रिव्हॉल्व्हरात पुन्हा केली नाही. आणि ज्यांना खरोखर वापरायला हवं असतं ते साधं मॉडेल १० दाखवतील. १८९९ मध्ये सुरू झालेलं हे घराणं साठ लाखांहून जास्त नग घडवून झालं तरी चालू आहे. मला स्वतःला या मॉडेल १० बद्दल फार आदर आहे. त्यात दिखाऊ काहीच नाही आणि बिघडण्यासारखंही फार थोडं आहे.

हे नुसतं वाचून समजत नाही, हाताळणाऱ्याकडून पाहावं लागतं. मागून पाहिलं तर कोल्टचं सिलिंडर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं आणि स्मिथ अँड वेसनचं उलट. सिलिंडर उघडायला कोल्टची खटकी मागे ओढायची, स्मिथची पुढे ढकलायची. बोटांना एक सवय लागली की दुसरं परकं वाटतं. अर्ध्या आवडीनिवडी अशा बोटांतून ठरतात.

तुमची वेब्ली मात्र या दोघींपेक्षा वेगळ्या कुळातली आहे. तिचं सिलिंडर बाजूला येत नाही. अंगठ्याने खटकी दाबली की नळीच पुढे खाली झुकते आणि मधून चांदणीच्या आकाराचा पत्रा वर येऊन सहाही रिकामी टरफलं एकदम बाहेर टाकतो. बर्मिंगहॅमच्या या कारखान्याचं .४५५ बोअरचं मार्क १ ब्रिटिश लष्कराने १८८७ साली घेतलं, आणि पहिल्या महायुद्धात १९१५चं मार्क ६ चिखलात, खंदकात वापरलं गेलं. युद्धानंतर एवढं जड हत्यार नको म्हणून .३८चा विचार सुरू झाला. वेब्लीने नमुने तयार केले, पण सरकारने फार मिळतंजुळतं रिव्हॉल्व्हर एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात बनवून १९३२ मध्ये स्वीकारलं. वेब्लीने दावा लावला, तो फेटाळला गेला, आणि शेवटी शोधकांना भरपाई देणाऱ्या आयोगाकडून कंपनीच्या हाती १,२५० पौंड पडले. संग्राहक आजही या अन्यायाबद्दल पोटतिडकीने बोलतात, आणि माझंही मत वेब्लीच्या बाजूचं आहे.

याच कंपनीचं १९०१चं वेब्ली-फॉसबेरी हे तर रिव्हॉल्व्हरांच्या जगातलं नवल. सिलिंडरवर नागमोडी खाचा कोरलेल्या. गोळी सुटली की धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो, खाचेतून खुंटी जाते आणि सिलिंडर आपोआप फिरून घोडाही चढतो. ते शोधणारा जॉर्ज फॉसबेरी हिंदुस्थानात नोकरी केलेला लष्करी अधिकारी. १८६३च्या वायव्य सरहद्दीवरच्या अंबेला मोहिमेत त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता.

तुमचं .३२ का, .३८ का नाही, हे ठाऊक असलं की भारतातल्या आवडीनिवडी लगेच उलगडतात. लष्कराची आणि पोलिसांची काडतुसं सामान्य माणसाच्या हाती जाऊ नयेत म्हणून .३८, .४५५ असे बोअर निषिद्ध वर्गात गेले. राहिलं .३२. म्हणून आपल्याकडे परवानाधारकांच्या गप्पांत पायथन कमी आणि .३२ची वेब्ली, .३२ची स्मिथ अँड वेसन आणि .३२ची जुनी कोल्ट जास्त. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ रिव्हॉल्व्हरही तुमच्या वेब्लीच्याच चालीचं, नळी झुकवून उघडणारं. या बोअरला कुणी किरकोळ समजू नये. १८९६ साली निघालेलं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस आजही २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेत वापरलं जातं. २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत आपल्या नेमबाज जसपाल राणाने याच प्रकारात ५९० गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी केली. नेमकेपणात हे काडतूस कुणापुढे मान खाली घालणारं नाही.

आता तो निकेलवाला कारागीर. त्याला नाही म्हणा. ‘आत्ता नको’ असं मोघम नको, स्पष्ट नाही म्हणा.

जुन्या रिव्हॉल्व्हरची किंमत त्याच्या मूळ अंगकांतीत असते. कारखान्यातून निघालं तेव्हाचा रंग, जिथे हात लागून झिजला तिथे झिजलेला, जिथे टिकला तिथे टिकलेला. निकेल चढवायचं तर आधी बफवर घासावं लागतं. घासलं की कडा गोल होतात, स्क्रूच्या भोवती खळगे पडतात, छापलेली अक्षरं पुसट होतात. वेब्लीचं उडत्या गोळीचं चिन्ह, बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे ठसे, हे सगळं एका दुपारी जातं आणि कोणताही कारागीर ते परत आणू शकत नाही. अनुभवी संग्राहक हातात घेतल्याबरोबर ओळखतो आणि खाली ठेवतो. गंजाचे चार ठिपके त्याला चालतात, चकचकीत नवं निकेल चालत नाही. मुठीचंही तसंच. मूळच्या मुठी काळ्या व्हल्कनाइटच्या (कडक रबराच्या) असतील तर त्या कालांतराने तपकिरी पडतात. तो तपकिरी रंग त्यांच्या वयाचा पुरावा आहे, काढू नका. कुणी हस्तिदंती मुठी देतो म्हणाला तर दोन पावलं मागे या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, आणि एका वस्तूपायी दोन कायदे अंगावर घेऊ नयेत.

यात कायद्याचा आणखी एक धागा आहे. शस्त्र दुरुस्त करायलाही परवाना लागतो. ‘ओळखीतला कारागीर’ परवानाधारक आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो नसेल तर तो आणि तुम्ही दोघेही अडचणीत याल. शिवाय हत्यारावरचा क्रमांक किंवा ओळखीचा ठसा पुसणं कलम ८ खाली गुन्हा आहे. बफखाली क्रमांक पुसट झाला तर ‘चुकून झालं’ हे सिद्ध करत बसायची वेळ तुमच्यावर येईल.

गंज थांबवायचा कसा हे मुंबईत राहणाऱ्याने शिकलंच पाहिजे. खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला सुखाने राहू देत नाहीत. बहुतेक घरांत हत्यार चामड्याच्या म्यानात घालून वर्षानुवर्षं ठेवलेलं असतं, आणि गंजाचं मूळ तिथेच असतं. चामडं ओल धरतं, कमावतानाचे क्षार त्यात असतात, पितळी बटणांवर हिरवं चढतं. तुमच्या वेब्लीवरचे ठिपके बहुधा म्यानाच्या बाजूलाच असतील, पाहा. म्यान वेगळं ठेवायचं, हत्यार वेगळं. हातात घेतलं की घामाचे ठसे पुसून तेलाचा पातळ हात फिरवायचा. कोरड्या पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवायची आणि पावसाळ्यात ती बदलत राहायची. आत्ताच्या ठिपक्यांसाठी तेलात मुरवलेलं मऊ फडकं आणि धीर पुरे, तेही जमा करताना शस्त्रविक्रेत्याकडे ठेवत असाल तर त्यालाच सांगा. निकेल, पॉलिश पेपर, चिंच, लिंबू, काही नको.

‘प्रबल’ बद्दल विचारलंत. २०२३ मध्ये कानपूरच्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीने ते आणलं. .३२ बोअर, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. त्यात महत्त्वाचं म्हणजे सिलिंडर बाजूला उघडतं. आपल्या सरकारी कारखान्याने वेब्लीची चाल सोडून टाकलेलं ते पाऊल आहे आणि अभियांत्रिकी म्हणून मला ते आवडतं. त्याआधी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ आलं होतं, सुमारे ५०० ग्रॅमचं, महिलांच्या संरक्षणासाठी म्हणून गाजावाजा झालेलं, किंमत लाखाच्या वर. हलकं रिव्हॉल्व्हर पर्समध्ये मावतं हे खरं. पण सराव नसलेल्या हातात, गर्दीच्या लोकलमध्ये किंवा अंधाऱ्या जिन्यात ते कुणाचं रक्षण करेल, यावर माझा विश्वास तेव्हाही बसला नाही आणि आजही नाही. तुमची पेढी बंद झाली, रोकडीची ने-आण थांबली. संरक्षणासाठी तुम्हाला नवं हत्यार कशाला हवं? तुमच्या पत्रात कुठेही धोक्याचा शब्द नाही, सगळी ओढ त्या यंत्राची आणि वडिलांची आहे. मग वडिलांचं विकून अनोळखी नवं घेण्यात काय साधलं?

पायथन विसरा. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही. नामांकित नेमबाजांना सवलत आहे, तुम्हाला-मला नाही. याच बंदीमुळे आधीपासून देशात असलेल्या वेब्ली आणि स्मिथ अँड वेसनना नव्या कानपुरी रिव्हॉल्व्हरपेक्षा जास्त भाव येतो. तुमच्या भावाच्या डोक्यात जो आकडा आहे तो त्यातूनच आला असावा. अमेरिकेतल्यासारखा भिंतभर संग्रह करण्याचं स्वप्नही इथे पाहू नका. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारसाहक्काने आलेलं हत्यारही या दोनांतच मोजलं जातं. कुणाच्या घरी पणजोबांची ठासणीची बंदूक भिंतीवर असेल तर तिचा मामला वेगळा. कालबाह्य किंवा पुरातन मोलाचं किंवा मोडकळीला आलेलं असं जे हत्यार दुरुस्त करूनही चालणार नाही, ते कलम ४५ प्रमाणे या कायद्याच्या बाहेर पडतं. तुमची वेब्ली त्यात बसत नाही, ती चालते.

तर करायचं काय? माझा सल्ला असा: जमा करून झालं की वारस म्हणून परवान्याचा अर्ज करा. २०१६च्या शस्त्र नियमांतल्या नियम २५ मध्ये मृत परवानाधारकाच्या कायदेशीर वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. (ज्यांचे वडील हयात आहेत अशा वाचकांसाठी: परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा हत्यार ठेवून पंचवीस वर्षं झाली की ते हयातीतच वारसाचं नाव सुचवू शकतात. तसं केलं असतं तर आज गिरगावच्या घरात हा पेच आला नसता. घरी बोलून ठेवा.) मुंबईत परवाना देणारे अधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त, त्यामुळे अर्ज क्रॉफर्ड मार्केटजवळच्या आयुक्तालयाच्या परवाना शाखेत. इतर वारसांची ना हरकत लागेल, म्हणजे भावाची आणि आई असतील तर त्यांचीही. पोलीस पडताळणी होईल, वैद्यकीय दाखला लागेल, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागेल. मिळेलच अशी खात्री नाही. वारसाहक्काने शस्त्राची मालकी येते, परवाना देणं न देणं अधिकाऱ्याच्या हाती असतं. एजंट गाठून ‘करून देतो’च्या मागे लागू नका.

अर्जात कारण लिहिताना संरक्षणाचा खोटा धोका रंगवू नका. वडिलांची वस्तू आहे, नेमबाजी शिकायची आहे, हे खरं कारण लिहा, आणि ते खरं ठरेल असं वागा. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. अंजली भागवत यांच्यासारखी नेमबाज तिथून पुढे गेली. तिथे १० मीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात करा. पहिले काही आठवडे फक्त उभं राहणं, श्वास आणि चाप. कंटाळा आला तर समजा की ओढ हत्याराची नव्हती, वडिलांची होती, आणि तेही काही कमी नाही. टिकलात तर वेब्ली हातात येईल तेव्हा तुम्ही तिच्या लायक झालेले असाल. मुलालाही न्या. कपाटातलं निषिद्ध कुतूहल वाढत राहतं. रेंजवर नियमांसह, प्रशिक्षकाच्या नजरेखाली पाहिलेलं हत्यार मुलाला त्याच्या जागी ठेवायला शिकवतं.

परवाना आल्यावरही एक अट मी घालीन. घरात काडतुसं ठेवू नका. रेंजवर जाण्याच्या वेळी परवानाधारक दुकानातून लागतील तेवढीच घ्यावी. वडिलांची जुनी काडतुसं तर झाडूच नका. इतकी वर्षं दमट हवेत राहिलेल्या काडतुसावर भरवसा नाही, आणि अर्धवट पेटलेली गोळी नळीत अडकली तर पुढची नळी फोडते. रिव्हॉल्व्हरसाठी भिंतीत बोल्टने बसवलेली लोखंडी पेटी हवी, आणि किल्ली तुमच्याजवळ, तुम्हाला एकट्याला माहीत असलेल्या जागी. निवडणुका आल्या की आयुक्तालयाकडून जमा करण्याची नोटीस येऊ शकते. आली तर तक्रार न करता जमा करा.

एवढं सगळं ऐकूनही पत्नी ‘नको’ म्हणाल्या तर त्यांचं ऐका. परवानाधारक शस्त्रविक्रेत्यामार्फत, परवाना असलेल्या आणि जुन्या वस्तूची कदर असलेल्या माणसाला वेब्ली विका. जशी आहे तशी, गंजाच्या ठिपक्यांसह, मूळ मुठींसह, म्यान आणि वडिलांच्या परवान्याच्या छायाप्रतीसह. दुकानदाराला सांगाड्यावरचे, नळीवरचे आणि सिलिंडरवरचे क्रमांक जुळतात का ते तुमच्यासमोर वाचायला लावा. ते जुळले, रंग मूळचा निघाला आणि नळीच्या आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) स्वच्छ असले तर पहिला जो भाव सांगतील त्याला हो म्हणू नका, आणखी दोन दुकानांत विचारा. आलेल्या पैशांत भावाचा वाटा आहे हे आधीच ठरवून घ्या, म्हणजे वडिलांच्या वस्तूवरून दोन भावांत अबोला धरायची वेळ येणार नाही.

पण हे पुढचं. आजच पोलीस ठाण्यात फोन करा, आणि पावती हाती आली की मला दोन ओळी कळवा.